दिव्याची जागा

जिन्यात सासूबाईंचा पाय मुरगळला, तेव्हा जो तो म्हणू लागला, आता वर चढणं बंद. पण त्यांची शिवणाची खोली वर, गिऱ्हाइकं खाली. तयार कोट दोन्ही हातांवर आडवे घेऊन त्या उतरायच्या. बटण दाबायला हात मोकळा नाही आणि जिन्यात दिवसाढवळ्या अंधार. जावयाने ठरवलं, चाहूल लागताच आपोआप लागणारे दिवे बसवायचे.

जावई भूगोलाचा शिक्षक. हौस दांडगी, धीर बेताचा. सेन्सर आणला त्याच दिवशी भिंतीला भोकं पाडून त्याने तो जिन्याच्या पायथ्याशी, वर तोंड करून बसवला. बायको उतरून बघायला गेली, तर अर्धा जिना उतरल्यावर दिवा लागला. उलट वरच्या खोलीतल्या खिडकीचा पडदा उन्हावाऱ्यात हलला, की लगेच लख्ख.

“तुमच्यावरच गेलाय,” ती म्हणाली. “हाक मारल्यावर सवडीने उठतो.”

त्याने पुन्हा ड्रिल उचललं. भिंतीची चाळण होण्याआधी सासूबाईंनी त्याला थांबवलं.

“जावईबापू, आधी कच्चा टाका घालावा. अंगावर बसलं, की मग पक्की शिलाई.”

तो वरमला. सेन्सरबरोबरचा कागद त्याने तेव्हा कुठे वाचला: समोरून येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो. मग त्याने सेन्सर वरच्या पायरीअलीकडे, बाजूच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावला. खिडकीकडची त्याची नजर काळ्या पट्टीने झाकली. सासूबाईंचा पाय अजून ठणकत होता, म्हणून कोट घेऊन उतरायचं काम त्याच्याकडे आलं. त्या वर खुर्ची टाकून बसल्या आणि सूचना देऊ लागल्या: हात उंच धरा, बाही लोळू देऊ नका.

कोटांच्या ढिगामागे त्याला स्वतःची पावलं दिसेनात. पायाने पायरी चाचपत तो जागीच थबकला.

“आई, तुम्ही रोज अशा उतरत होतात?”

“सवय होते हो.”

त्या संध्याकाळी सेन्सर बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत तो न कंटाळता चढत-उतरत राहिला, आणि पहिल्या पायरीवर पाऊल पडायच्या आधी दिवा लागला तेव्हाच खाली बसला. मग तसाच दुसरा पायथ्याशी, चढणाऱ्यासाठी.

पाय बरा झाल्यावर सासूबाई कोट घेऊन स्वतः उतरल्या. जिना उजळत गेला. मध्यावर लेक भेटली, तशा तिथेच उभ्या राहून गप्पांत रंगल्या. जरा वेळाने दिवा विझला. सासूबाईंनी कोपर हलवलं, पुन्हा उजेड झाला, आणि बोलणं पुढे चालू राहिलं.

जावई खालून म्हणाला, वेळ वाढवून देतो.

“भरपूर वाढवा,” त्या म्हणाल्या, “अजून शेजारणीचं सांगायचंय.”