निळ्या झाकणाचं भांडं आणि मी

मी एक जुना, पिवळट प्लॅस्टिकचा डबा आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात लोण्यासारखं पिवळं मार्जरिन होतं. अमेरिकेतल्या सव्हाना शहरातल्या व्हर्लीनबाईंनी मला घरी आणलं, मार्जरिन संपलं, आणि तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं. त्यांच्या काळ्या लोकांच्या वस्तीत रिकामा डबा फेकणं म्हणजे पापच.

रविवारी चर्चहून आल्या की बाई कोलार्डची पालेभाजी डुकराच्या हाडांबरोबर तासन्‌तास शिजवत. मग आजारी, म्हाताऱ्या, एकट्या माणसांसाठी ती माझ्यात ओतत, चुलीवरची कढत तशीच. गार अन्न पाठवलं तर लोक म्हणत, "मन नव्हतं वाटतं!"

शेजारच्या युलालीबाई हसत, "व्हर्लीन, तुझ्याकडे मार्जरिन शोधायचं म्हणजे शिक्षा आहे गं! पाच डबे उघडले. भाजी, भाजी, चवळी, भाजी आणि बटणं!"

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे बाईंची लेक लोरेटा उदास झाली. कामावर जाईना, चर्चमधलं गाणं तिनं सोडलं, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही. बाई रोज भाजी माझ्यातच मायक्रोवेव्हमध्ये तापवून तिच्या उशाशी ठेवत. लेक दोन घास खाई. मला वाटे, तिला जगवतोय तो मीच.

मग लोरेटाची मुलगी केझाया एक काचेचं भांडं घेऊन आली. निळं झाकण, अंग आरपार दिसणारं. ते ओट्यावर आलं आणि माझा जळफळाट सुरू झाला. पडो आणि फुटो, असंच मी म्हणत होतो.

केझाया आरोग्याच्या एका पाहणीत काम करायची. गोऱ्या, काळ्या, मेक्सिकन, सगळ्या घरांतून त्यांनी लघवीचे नमुने घेतले होते.

"आजी, प्लॅस्टिक तापलं की त्यातली रसायनं अन्नात उतरतात. मम्माच्या नमुन्यात ती खूप निघाली."

"म्हणजे माझ्या भाजीनं माझ्या लेकीला उदास केलं?"

"तसं कोणीच म्हणत नाही. उदासीला शंभर वाटा असतात. पण आमच्या पाहणीत जिथे ही रसायनं जास्त, तिथे उदासीही जास्त दिसली. आणि सगळ्या लोकांत सारखी नाही, आपल्यात अधिक."

"आलं पुन्हा तेच! खोट आमच्या कातडीतच का?"

"कातडीत नाही गं. आपल्या रस्त्यावर काय विकतात आणि कशात बांधून विकतात, ते बघ ना."

बाई माझ्याकडे वळल्या. मग मला दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "आणि तू रे मेल्या? इतकी वर्षं तुला भरलं. तू तरी बोलायचं होतंस!"

काय बोलणार होतो? मलाच कुठे ठाऊक होतं?

लोरेटा डॉक्टरांकडे जाऊ लागली. गोळ्या सुरू झाल्या. कित्येक महिन्यांनी एकदा ती आपल्या पायांनी स्वयंपाकघरात आली, काचेच्या भांड्यातली भाजी खाता खाता गुणगुणली. ते काचेमुळे नव्हतं, हे मलाही कळतं. पण मान मिळाला काचेला. मी फळीवरून पाहत राहिलो.

गेल्या रविवारी युलालीबाई पाय मुरगळून घरी पडून होत्या. काचेचं भांडं दुसऱ्याच्या घरी गेलेलं. बाईंनी सवयीनं मला खाली काढलं, कढत पळी माझ्यावर धरली. मित्रांनो, मी अंगभर फुललो!

"ममा, थांब," दारातून लोरेटा म्हणाली. "गार होऊ दे आधी."

"गार पाठवू? युलाली मला जन्मभर टोमणे मारेल!"

"मारू दे. नाहीतर पातेलंच घे, तिच्याकडे जाऊन वाढू. मीही येते."

बाई लेकीकडे बघतच राहिल्या. डॉक्टरांकडे जाणं सोडलं तर कितीतरी दिवसांत ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. त्यांनी मला बाजूला ठेवलं आणि दोघी पातेलं दोन्हीकडून धरून निघाल्या. मी रिकामाच राहिलो, आणि त्या पातेल्यावरही जळलो.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेलच. त्याच्यात सुया ठेवा, बी-बियाणं ठेवा. कढत अन्न मात्र देऊ नका. तो मागेल, तरी देऊ नका.