निळ्या फुलांचं विलायती भांडं

किण्ण! दुपारच्या शांततेत जेवणघरात चिनी मातीचं झाकण वाजलं.

जुनी विलायती भांडी जमवायचा मला नाद. निळ्या फुलांचं हे भांडं भुसावळच्या रेल्वे बंगल्यातून भंगारात निघालेलं. आज अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हणून पितरांसाठीचा आमरस मी हौसेनं त्यातच वाढला. सासूबाई सकाळीच म्हणाल्या होत्या, "सूनबाई, ज्यांचं भांडं त्यांचेच पितर येतील हं जेवायला!" मी हसण्यावारी नेलं.

धावत गेले. रस निम्मा झाला होता. माझी तीन वर्षांची रेवा शेजारी बसलेली, पण तिचे ओठ कोरडे होते. मी तिला उचलून छातीशी घट्ट धरलं.

रिकाम्या पाटाकडे बघत ती म्हणाली, "आई, ही गोरी मावशी विचारतेय, तिची बाळं कुठे गेली?"