खिडकीजवळचं टेबल

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या शाळेत चौथीतल्या धम्मदीपाला गणिताच्या तासाला खिडकीजवळच्या टेबलावर, पुढे गेलेल्या मुलांत बसवलं होतं. तिची आई नीला विद्यापीठात संशोधक; तिला बरंच वाटलं. पण हल्ली पोर गणिताचं नाव काढलं की रडकुंडीला यायची.

एका शनिवारी तिची मैत्रीण सेलाम खेळायला आली. तिचं कुटुंब आफ्रिकेतल्या एरिट्रियाचं. आई हॉटेलात खोल्या साफ करायची. नीला स्वयंपाकघरात आली तर दोघी जमिनीवर राजमा मांडून बसलेल्या. सेलाम वाट्यांत दाणे वाटत भागाकार समजावत होती.

"तू पण खिडकीजवळ बसतेस का गं?" नीलाने जर्मनमध्ये विचारलं.

"नाही, दाराजवळ. आम्हाला अजून बेरजाच देतात. हे मला दादाने शिकवलं."

"मला काहीच येत नाही," धम्मदीपाला एकदम रडू फुटलं. "पण बाई म्हणतात, इंडियन मुलांना गणित येतंच. मग विचारू कसं?"

नीला लेकीजवळ जमिनीवर टेकली. नांदेडला शाळेत तिचा हात वर असायचा, पण वस्तीतली मुलगी म्हणून गुरुजी तिला कधी फळ्याशी बोलवत नसत. आणि आज तिचीच लेक न मागता मिळालेल्या मानाखाली घुसमटत होती.

सोमवारी ती वर्गशिक्षिका केलरबाईंना भेटली. "माझ्या मुलीला न तपासताच वर बसवलंत तुम्ही."

"आल्झो... म्हणजे, तुम्ही शास्त्रज्ञ, त्यात भारतातल्या..."

"आणि सेलाम? ती माझ्या मुलीला भागाकार शिकवते."

बाई वरमल्या. "तिचं जर्मन कच्चं वाटलं मला. गणित मी बघितलंच नाही," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी वर्गातल्या सगळ्यांनाच पुन्हा तपासलं आणि टेबलांचे गट मोडून मुलं मिसळून बसवली. सगळ्यांसमोर उत्तर चुकलं, तेव्हा धम्मदीपा आईवर जाम चिडली. "तू का सांगितलंस?" म्हणत दोन दिवस अबोला धरला. मग एके दिवशी वर्गात तिनेच हात वर केला, म्हणाली, "मला नाही कळलं, परत सांगा."

पुढच्या आठवड्यात सेलामच्या आईचा फोन आला. सेलामला पाचवीपासून गिम्नाझियममध्ये, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, घालण्याबद्दल बोलायला केलरबाईंनी बोलावलं होतं. "तुम्ही याल सोबत?" तिने संकोचत विचारलं.

"येईन की! पण बोलायचं तुम्हीच हं," नीला म्हणाली.