राखलेली ओळ

"सूनबाई, त्या ओळीतल्या कळ्या का नाय तोडल्या?" सासरे बांधावरूनच ओरडले.

"फुलू द्यायच्यात."

"येडी का काय!"

मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा. उमललेलं फूल वाटेतच झडतं, म्हणून आम्ही पहाटे घट्ट कळ्याच तोडून बाजारात धाडतो. लग्न होऊन आले तेव्हापासून गुलाबात राबतेय, पण स्वतःच्या मळ्यात पुरतं उमललेलं फूल कधी पाहिलं नव्हतं. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत नाशकात पुष्पप्रदर्शन आणि गुलाबांची स्पर्धा भरणार होती, म्हणून मी एक ओळ राखली. सासरे माझ्याशी बोलायचे बंद झाले. नाही तर नाही!

फुलं अशी फुलली की हात लावायला भीती वाटावी. बादलीत घालून प्रदर्शनाला नेली. नाव नोंदवायच्या टेबलामागच्या साहेबांनी माझ्या हातांवरचे काट्यांचे ओरखडे पाहिले.

"तुम्ही फुलं विकता ना? ही स्पर्धा हौशी लोकांसाठी आहे."

"मग मला हौस नसते का?"

"नियम आहे, बाई."

"मग ठेवा तुमचा नियम तुमच्यापाशीच."

बादली उचलली आणि बाहेर फाटकासमोरच मांडून बसले. येणारे आत जायचं सोडून माझ्याभोवती गोळा झाले, वाकून वास घ्यायला लागले. गर्दी बघून साहेबही बायकोला घेऊन बाहेर आले. बाईंनी पर्स उघडली.

"किती सुंदर! कशी दिली?"

गिऱ्हाइकाला मी कधी परत पाठवलं नव्हतं. बादली जवळ ओढली आणि साहेबांकडे बघत म्हणाले, "विकायची नाहीत. हौसेची आहेत."