नैवेद्याची फोड

सोलापूरच्या प्रयोगशाळेत तानाबाई आल्या त्या भांडायच्या तयारीनंच. सांगोल्यात त्या डाळिंबाचा जॅम करून विकत. शहरातल्या जुळे सोलापूर भागातल्या एका मास्तरांना केळ्याची ॲलर्जी होती. हा जॅम खाऊन त्यांचे ओठ सुजले, म्हणून त्यांनी बरणी इथं तपासायला दिली होती.

"मावशी, डीएनए तपासणीत जॅममध्ये केळं सापडलंय," तपासणी करणारी राजनंदिनी म्हणाली. "शिजवलं तरी फळाची खूण मागं राहते."

"तुमचं मशीनच बिघडलंय!" तानाबाई कडाडल्या. "डाळिंब, साखर आन् लिंबू. चौथं काय घातलं असंल तर बिरोबाची आन!"

बिरोबाचं नाव तोंडातून निघालं आणि त्यांनी एकदम जीभ चावली.

"काय झालं मावशी?"

"पातेल्याला पहिली उकळी आली की बिरोबापुढच्या केळ्याची एक फोड आत सोडतो आमी. सासूबाईंपासनं चालत आलंय. पण ते केळं कुटं? त्यो परसाद हाय की!"

"मशीनला तेवढं कळत नाही, मावशी," राजनंदिनीला हसू आवरेना. "फोड घालणं बंद करा, नाहीतर लेबलवर तसं लिहा."

बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या महिन्यात नव्या बरण्या बाजारात आल्या. लेबलवर ठळक अक्षरांत छापलं होतं: "यात केळं आहे. बिरोबाचा प्रसाद आहे. ज्यांना केळं सोसत नाही, त्यांनी लांबूनच हात जोडावेत."