पहिली फेरी

"बसा की मिस्त्री! सवताच्या कामाची भीती वाटती व्हय?" मी वल्हं हातात घेऊन म्हणालो.

चनबसप्पा मिस्त्रीने धोतर वर खोचलं, काठावर जमलेल्या बाजारकरूंकडे पाहिलं आणि नाक मुरडत नावेत चढला. आमच्या भीमाकाठची रीतच आहे. दुरुस्त केलेल्या नावेची पहिली फेरी मिस्त्रीला बसवून करायची. बाकीची माणसं नंतर.

हा सोलापूरच्या भवानी पेठेतला, हातमाग बनवणारा. आमचा नावा दुरुस्त करणारा सुतार वारला, म्हणून सरपंचांनी याला आणला आणि मला बजावलं, "नागनाथ, सोमवारच्या बाजाराला नाव चालली न्हाय, तर पलीकडच्या काठाच्या कल्लप्पा नावाड्याला काम दिलं म्हणून समज." बापापासून आमच्याकडे चालत आलेली नाव! माझा जीव टांगणीला लागला होता.

काम चालू असताना मी घसा फोडून सांगितलं होतं, "फळ्यांमदी सुताची वात बसंल एवढी फट ठेवा. लाकूड पाणी पिऊन फुगतं."

"मला शिकवतोस? माज्या जोडात केस शिरत न्हाय!"

मागाला ते शोभतं. नाव म्हणजे काय माग आहे? पण शहरातला मिस्त्री, त्यातून सरपंचांचा माणूस. मी गप्प बसलो. तिथंच माती खाल्ली.

नाव तीन दिवस पाण्यात बांधून ठेवली होती. तळाची फळी फुगून उचललेली मला सकाळीच दिसली होती. तरी वल्हं मारलं. खोटं कशाला बोलू, याची एकदा जिरावी असंही वाटत होतं.

भर धारेत खिळे कडाकडा उखडले. फळी वर आली आणि पाणी आत घुसलं.

"अय्यय्यो! नागनाथ, मला पवता येत न्हाय!"

"आता केस शिरतोय का बघा की!" मी ओरडलो. मग शिव्या घालतच त्याची मानगूट धरली आणि काठाला आणला. नाव गेली.

तोंडातलं पाणी थुंकून मिस्त्री म्हणाला, "याचं लाकूडच कुजकं हुतं."

काठावरचं कुणी माझ्या बाजूने बोललं नाही. सरपंचांनी पलीकडे हात करून कल्लप्पाला हाक मारली.

पुढच्या सोमवारी मीही बाजाराला निघालो. कल्लप्पाच्या नावेत चढलो आणि सवयीने मागे वल्ह्यापाशी जाऊन बसलो.

"तितं न्हाय, नागूदादा," कल्लप्पा खाली मान घालून म्हणाला. "म्होरं, माणसांत बसा."