रिकाम्या जागेचा उखाणा

श्यामसुंदरराव परचुरे यांनी मेंदूसारखीच आपल्या संसाराचीही सरळ दोन भागांत वाटणी करून टाकली होती. डावी बाजू त्यांची, उजवी आनंदीबाईंची. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून रेघा मारून हे गृहस्थ निवृत्त झाले, आणि बुधवार पेठेतून मेंदूवरचं एक जुनं पुस्तक घेऊन आले. त्यात लिहिलं होतं की तर्क, गणित, भाषा डावीकडे. गाणं, रंग, लहर उजवीकडे. झालं, आयतं कोलीत मिळालं. आनंदीबाईंनी आमटीत अंदाजानं मीठ घातलं की हे म्हणायचे, "उजवा मेंदू." त्यांनी रस्ता सांगताना चौकाचं नाव न घेता "ते चाफ्याचं झाड भिंतीबाहेर आलंय ना, तिथून वळायचं" म्हटलं, की पुन्हा, "उजवा मेंदू."

"अहो, तुमची डावी बाजू एवढी हुशार आहे ना," आनंदीबाई म्हणायच्या, "मग चष्मा कुठे ठेवलाय ते विचारा तिला."

चष्मा बहुतेक वेळा फ्रिजवर असायचा.

पण दोन हजार नऊच्या श्रावणात आनंदीबाईंना झटका आला, तो नेमका मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'तेच'. चहा हवा का? तेच. दुखतंय का? तेच. विश्रांतवाडीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर हा एकच शब्द फिरू लागला. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी श्यामसुंदररावांनी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि विचारलं, "अगं, मी कोण?"

आनंदीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तेच," त्या म्हणाल्या.

श्यामसुंदररावांना रडू आलं. ते त्यांनी बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, उरकून घेतलं. बाहेर आले तेव्हा त्यांना दुसरं काहीच नको होतं. एकेचाळीस वर्षं जिच्याबरोबर काढली, तिला आपण कोण हे ठाऊक आहे, एवढं एकदा कळायला हवं होतं.

आठवड्यातून दोनदा वासंतीबाई यायच्या. गेलेलं बोलणं परत शिकवणं हे त्यांचं काम. त्यांनी आल्या आल्या पुस्तकाची वाट लावली. "काका, डावं-उजवं इतकं सरळ नसतं हो. पण एक खरं. बोलता न येणाऱ्या माणसाला कधीकधी गाता येतं. काकूंना तालात पाठ असलेलं काय काय येतं?"

"आरत्या. भोंडल्याची गाणी," श्यामसुंदरराव म्हणाले. जरा नाराजीनंच त्यांनी पुढे जोडलं, "आणि उखाणे. हळदीकुंकवाला घ्यायची म्हणे."

"म्हणे?"

"मी कशाला जातोय बायकांच्या हळदीकुंकवाला?"

वासंतीबाईंनी आनंदीबाईंचा डावा हात हातात घेतला, त्यानं खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरायला लावला आणि आरती सुरू केली. दुसऱ्या ओळीला आनंदीबाईंचा आवाज मिसळला. शब्द स्पष्ट होते, एकही गाळलेला नव्हता. श्यामसुंदररावांनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.

त्या दिवसापासून त्यांनी चौकटीच्या कागदाची वही सुरू केली. उभ्या रकान्यात तारखा, आडव्या रकान्यात गाणी. आलं की बरोबरची खूण, अडलं की फुली. महिन्याभरात वही बरोबरच्या खुणांनी भरत आली. 'तेच'च्या जोडीला 'पाणी' आलं, 'नको' आलं, आणि 'नको' तर फारच लवकर आलं. फक्त एका रकान्यात रोज फुली पडायची. आनंदीबाई ठेका धरून उखाणा म्हणायच्या,

"चांदीच्या वाटीत केशर ठेवलं उगाळून,"

इथे त्या थांबायच्या. ओठ मिटायचे, दोन ठेके रिकामे जायचे आणि मग पुढे,

"रावांचं नाव घेते, सगळ्यांना सांभाळून."

केशर होतं, वाटी होती, राव होते. नाव तेवढं नव्हतं. वासंतीबाई म्हणाल्या, "विशेषनाम अवघड जातं, काका. आपण सुचवायचं नाही. थांबायचं." श्यामसुंदरराव थांबले. एक, दोन, नऊ, सतरा, चाळीस फुल्या. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगानं होते, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यातले अडीच संपले होते.

अशात त्यांची धाकटी बहीण हेमा आठवडाभरासाठी आली. दादानं तिला मोठ्या अभिमानानं वहिनीचं गाणं ऐकवलं, वही दाखवली आणि शेवटी, आवाज खाली आणून, ती फुल्यांची रांगही दाखवली. "सगळं परत येतंय. मी तेवढा येत नाहीये," ते म्हणाले.

हेमानं उखाणा ऐकला. आधी तिनं तोंडावर पदर धरला, मग तिला आवरेना.

"हसतेस काय?"

"अरे दादा, वहिनीनं तिथे नाव कधी घेतलंच नाहीये! एकेचाळीस वर्षांत एकदाही नाही. सगळ्या हळदीकुंकवांत ती तिथे अशीच गप्प राहायची. बायका वाट बघायच्या त्या रिकाम्या जागेची."

"का पण?"

"लग्न आठवतंय? पंगतीत तुला सगळे म्हणाले, नाव घ्या, नाव घ्या. तू काय म्हणालास?"

श्यामसुंदररावांना आठवेना. हेमाला चांगलंच आठवत होतं.

"म्हणालास, 'नाव आनंदी. यमक कशाला हवं?' आणि जिलबी खायला लागलास. सगळी पंगत हसली. वहिनी हसली नाही. मला म्हणाली, हे माझं नाव उखाण्यात घेतील तेव्हा मी यांचं घेईन."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तू विचारलंस कधी?"

श्यामसुंदररावांनी आनंदीबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण डाव्या हाताचा ठेका थांबला होता. म्हणजे सगळं ऐकत होत्या. आधी श्यामसुंदररावांना राग आला. एवढ्याशा गोष्टीचा एवढा डूख? मग एकदम इतका आनंद झाला की बसवेना. ती फुली आजाराची नव्हतीच. हा त्यांच्या बायकोचा जुना, ओळखीचा, सुंभ जळला तरी पीळ न जाणारा हट्ट होता, आणि हट्ट शाबूत आहे म्हणजे ज्याच्यावर तो धरलाय तो माणूसही डोक्यात शाबूत असणार. निदान तर्क तरी असं सांगत होता.

तर्क तपासून बघायला एक उखाणा लागणार होता. तो रचायला त्यांना चार दिवस लागले. चौकटीच्या कागदावर एका चौकोनात एक अक्षर बसवत त्यांनी आनंदीला सुगंधी, बंदी, मंदी अशी यमकं लावून पाहिली. मंदी हेमानं खोडली. शेवटी नाव मध्ये घ्यायचं आणि यमक दुसरीकडे जुळवायचं, अशी तोड निघाली.

पाचव्या दिवशी सकाळी हेमा मुद्दाम भाजीला गेली. श्यामसुंदररावांनी स्वच्छ सदरा घातला, समोर खुर्ची ओढली, आनंदीबाईंचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि ठेका धरला. सुरात म्हणायचं असतं हे त्यांना माहीत होतं. सूर कुठे असतो हे माहीत नव्हतं.

"रेघा सरळ मारल्या जन्मभर पट्टीनं,
आनंदीचं नाव घेतो, हरलो तिच्या कट्टीनं."

आनंदीबाई बघत राहिल्या. काहीच झालं नाही. खाली भंगारवाल्यानं हाक दिली, ती विरूनही गेली. हेमाचा काहीतरी गैरसमज असावा, श्यामसुंदररावांच्या मनात आलं. नाव गेलेलंच असणार. त्यांनी हात सोडवून घेतला आणि सवयीनं वहीकडे वळले.

त्यांच्या मनगटावर ठेका पडला.

"चांदीच्या वाटीत," आनंदीबाई म्हणत होत्या, "केशर ठेवलं उगाळून," आणि त्या थांबल्या. पण या खेपेला ओठ मिटले नाहीत. ते हलत होते. "श्या," त्या म्हणाल्या. "श्या." कपाळावर घाम आला. त्यांना घ्यायचं होतं आणि आता येत नव्हतं. श्यामसुंदररावांच्या जिभेवर स्वतःचंच नाव आलं. सुचवायचं नाही, थांबायचं. जन्मात एवढं अवघड काही त्यांनी केलं नव्हतं. ठेका चुकला, परत सुरू झाला.

"श्याम... सुंदर... रावांचं नाव घेते, सगळ्यांना सांभाळून."

श्यामसुंदररावांनी या खेपेला बाथरूम गाठलं नाही. तिथेच, खुर्चीत, हुंदके देऊन रडले. मग नाक पुसलं. एका नोंदीवर विसंबून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"अगं, आणखी एकदा घे ना," ते म्हणाले.

आनंदीबाईंनी डाव्या हातानं वही मिटली.

"नको," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून ओठ मिटून बसल्या. पाळी त्यांची होती.

श्यामसुंदररावांना दुसरा उखाणा येत नव्हता. त्यांनी चौकटीचा कोरा कागद पुढे ओढला आणि चष्मा शोधायला फ्रिजकडे गेले.